ठळक अक्षरातले तेरा आकडे

प्रश्न : माझं वय ४८. माझ्या मोठ्या भावाला गेल्या वर्षी, ५१ व्या वर्षी, हृदयविकाराचा झटका आला. वेळेत उपचार मिळाले म्हणून तो वाचला. पण झटक्याच्या तीनच महिने आधी त्याचं कोलेस्टेरॉल तपासलं होतं आणि 'नॉर्मल आहे, काळजी नको' असं त्याला सांगितलं होतं. मी त्याचा इतका धसका घेतला की एकाच दिवशी ८४ तपासण्या करून घेतल्या. रिपोर्टमध्ये १३ आकडे ठळक अक्षरात आलेत. मुख्य आकडे असे : एकूण कोलेस्टेरॉल २०४, एलडीएल १२५, एचडीएल ४१ (हा ठळक नाही), ट्रायग्लिसराइड १९०, उपाशीपोटी शुगर १०७, एचबीए१सी ५.९, एचएस-सीआरपी ४.६, होमोसिस्टीन १८, युरिक ॲसिड ६.४. बीपी १३२/८४. त्या आठवड्यात मला सर्दी-खोकला होता. दुसऱ्या बाळंतपणात शुगर वाढली होती, ती नंतर आपोआप गेली. मला झटका येणार की नाही, हे यातला कोणता आकडा खरं सांगतो? होमोसिस्टीन आणि युरिक ॲसिडसाठी गोळ्या सुरू करू का? आणि दादाचा आकडा चांगला असूनही असं झालं, तर या तपासण्यांवर विश्वास कसा ठेवायचा? माझी मुलगी २२ वर्षांची आहे. तिच्याही सगळ्या तपासण्या करून घेऊ का?

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून झाल्यावर मी तुमचे आकडे एका कोऱ्या कागदावर उतरवून घेतले. कुठला ठळक, कुठला नाही, हे मुद्दाम लिहिलं नाही. मग पेन्सिलनं माझ्या खुणा केल्या. माझ्या खुणा आणि लॅबच्या ठळक अक्षरांचा फारसा मेळ बसला नाही. त्यातली एक खूण तर एचडीएलवर, म्हणजे ज्याला 'चांगलं' म्हणतात त्या कोलेस्टेरॉलवर आहे, जो तुमच्या रिपोर्टनं साधाच सोडून दिलाय. आणि सगळ्यात जाड रेघ मी ओढली ती तुमच्या बाळंतपणाबद्दलच्या वाक्याखाली, जे रिपोर्टमध्ये कुठेच नाही.

आधी त्या तेरांची भीती घालवू. रिपोर्टमध्ये आकड्यासमोर जी मर्यादा छापलेली असते, ती बऱ्याच तपासण्यांत अशी काढतात : निरोगी माणसांचा मोठा गट घ्यायचा, त्यांचे आकडे मांडायचे आणि मधले ९५ टक्के 'नॉर्मल' धरायचे. म्हणजे शंभर धडधाकट माणसांतली पाच त्या मर्यादेबाहेर राहणार, हे आधीच ठरलेलं असतं. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० तपासण्या केल्या, तर पूर्ण निरोगी माणसाचाही किमान एक आकडा ठळक येण्याची शक्यता ६४ टक्के होते. तुम्ही ८४ केल्या. ठळक याचा अर्थ इतकाच की हा आकडा गर्दीपेक्षा वेगळा आहे.

याची उलट बाजू मला जास्त अस्वस्थ करते. गर्दीच आजाराच्या वाटेवर असेल, तर गर्दीसारखा आकडा असण्यात कसलं समाधान? म्हणून कोलेस्टेरॉल आणि शुगरच्या मर्यादा गर्दीवरून न ठरवता, कुठल्या पातळीपासून आजार वाढताना दिसतो यावरून ठरवल्या जातात. पण त्यातल्या काही मर्यादा बाईला वेगळ्या, पुरुषाला वेगळ्या, झटका येऊन गेलेल्याला आणखी वेगळ्या. छापील रिपोर्टला यातलं काही माहीत नसतं. एचडीएलची खालची हद्द पुरुषांसाठी ४० आणि स्त्रियांसाठी ५० धरतात. (कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड आणि उपाशीपोटी शुगरचे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये.) तुमच्या रिपोर्टनं सगळ्यांना ४० ची पट्टी लावलेली दिसते. ४१ हा आकडा तुमच्यासाठी कमीच आहे.

आता तुमचे चार आकडे शेजारी ठेवून बघा. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, १५० च्या वर. एचडीएल ५० च्या खाली. उपाशीपोटी शुगर १०० च्या वर. बीपीचा वरचा आकडा १३० च्या वर. एकेकटा घेतला तर कुठलाही डॉक्टर 'थोडंसंच आहे' म्हणेल, आणि त्यात चूक काही नाही. पण हे चार आणि कंबरेचा घेर, अशा पाचांपैकी तीन जमले तरी त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. तुमचे चार जमलेत, आणि कंबर तर आपण अजून मोजलेलीही नाही. जेराल्ड रेवन या अमेरिकी डॉक्टरांनी १९८८ मध्ये एका व्याख्यानात ही मोळी बांधून दाखवली. या वरवर वेगळ्या दिसणाऱ्या गोष्टींच्या बुडाशी बहुतेकदा एकच कारण असतं, पेशी इन्शुलिनला नीट दाद देत नाहीत, असं त्यांनी मांडलं.

हे शरीरात घडतं कसं, ते जरा सविस्तर सांगतो, कारण तुमचा १२५ चा एलडीएल, म्हणजे ज्याला 'वाईट' म्हणतात ते कोलेस्टेरॉल, त्याशिवाय कळणार नाही.

इन्शुलिनचा हुकूम चालेनासा झाला की यकृत ट्रायग्लिसराइडनं ठासून भरलेले कण रक्तात जास्त सोडू लागतं. हे कण वाटेत भेटणाऱ्या एचडीएल आणि एलडीएलशी देवाणघेवाण करतात. आपलं ट्रायग्लिसराइड त्यांना देतात, त्यांचं कोलेस्टेरॉल घेतात. त्यामुळे एचडीएलचे कण लवकर नाहीसे होतात आणि त्याचा आकडा खाली येतो. एलडीएलचे कण आकसून लहान आणि घट्ट होतात. आणि इथेच फसगत होते. एलडीएलचा जो आकडा आपण वाचतो, तो त्या कणांमध्ये भरलेल्या कोलेस्टेरॉलचं वजन सांगतो. कण किती आहेत, ते सांगत नाही. रस्त्यावरून किती माल गेला हे कळलं म्हणून किती गाड्या गेल्या हे कळत नाही, तसंच. प्रत्येक गाडीत माल थोडा असेल, तर तेवढ्याच मालाला गाड्या जास्त लागतात. आणि रक्तवाहिनीच्या अस्तरात घुसून तिथे अडकतात त्या गाड्या.

शिवाय तुमचा १२५ हा बहुधा मोजलेला नाही, काढलेला आहे. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करायचं, मग ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करायचा. २०४ वजा ४१ वजा ३८, बरोबर १२५. हे फ्रीडवाल्ड आणि सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये दिलेलं सूत्र. ते वाईट नाही, पण ट्रायग्लिसराइड वाढलेलं असलं की ढिलं पडतं, आणि ४०० च्या पुढे तर वापरूच नये.

गाड्या मोजायची सोय मात्र आहे. रक्तवाहिनीला इजा करणाऱ्या अशा प्रत्येक कणावर अ‍ॅपो-बी नावाच्या प्रथिनाचा एक आणि एकच रेणू असतो. अ‍ॅपो-बी मोजलं की कण मोजले गेले. २००४ मध्ये ५२ देशांतला इंटरहार्ट हा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. झटका आलेले जवळपास १५ हजार लोक आणि झटका न आलेले तितकेच, अशी त्यात तुलना होती. त्यात अ‍ॅपो-बी आणि एचडीएलवरचं अ‍ॅपो-ए१ यांचं गुणोत्तर आणि धूम्रपान या दोन गोष्टींचा झटक्याशी सर्वांत घट्ट संबंध दिसला. तुमच्या ८४ तपासण्यांत अ‍ॅपो-बी नाही, याची मला खरोखर हळहळ वाटते. तोवर एक आकडा आत्ता, पत्र हातात धरूनच काढता येईल : एकूण कोलेस्टेरॉल वजा एचडीएल. तुमचा येतो १६३. याला नॉन-एचडीएल म्हणतात. इजा करू शकणाऱ्या सगळ्या कणांमधलं कोलेस्टेरॉल त्यात येतं आणि त्यासाठी उपाशी राहायचीही गरज नसते. १६३ हा जास्त आहे. १२५ वाचून जेवढं निर्धास्त वाटतं, तेवढं निर्धास्त राहू नका.

आता दादाबद्दल. त्याला 'काळजी नको' सांगणाऱ्यानं तो एक आकडा बघितला असणार, आणि आकडा खोटाही नसणार. अमेरिकेत २००० ते २००६ या काळात हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजारानं रुग्णालयात दाखल झालेल्या १ लाख ३६ हजारांहून अधिक लोकांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा जवळजवळ निम्म्यांचं एलडीएल दाखल होताना १०० च्या आतच होतं. त्यातले काही आधीपासून गोळ्या घेत होते आणि झटक्यानंतर एलडीएल थोडं खाली जातंच, हे लक्षात घ्यायला हवं. तरी मुद्दा उरतो. 'नॉर्मल' कोलेस्टेरॉलचे लोक झटक्यापासून सुरक्षित असतात, असं कधीच नव्हतं.

कारण रक्तवाहिनीतला थर एका दिवसाच्या आकड्यानं चढत नाही, वर्षानुवर्षांच्या आकड्यानं चढतो. याचा फार सुंदर पुरावा २००६ मध्ये मिळाला. काही माणसांत जन्मतःच पीसीएसके-९ नावाचं एक जनुक निकामी असतं. अमेरिकेतल्या ज्या कृष्णवर्णीय लोकांमध्ये हा बदल होता, त्यांचं एलडीएल इतरांपेक्षा २८ टक्क्यांनी कमी होतं. पण हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार त्यांच्यात ८८ टक्क्यांनी कमी दिसला. पातळी थोडीशीच कमी, पण जन्मापासून कमी. बचत खात्यावरच्या व्याजासारखं ते आयुष्यभर साचत गेलं. दादाच्या बाबतीत हेच उलट्या दिशेनं झालं असेल. मध्यम पातळी, पण पन्नास वर्षं. त्यात धूम्रपान, बीपी, शुगर यांपैकी काही होतं का, ते तुमच्या पत्रात नाही. ते जरूर आठवा, कारण त्याचा तुमच्याशी संबंध आहे.

आणखी एक संशय आहे, तो मी मोकळेपणानं सांगतो. कोरे बर्ग या नॉर्वेच्या शास्त्रज्ञानं १९६३ मध्ये रक्तातला एक कण शोधला : लायपोप्रोटीन (ए), बोलताना 'एलपी लिटल ए'. एलडीएलसारखाच कण, पण त्याला एक शेपूट जोडलेलं. याची पातळी जवळजवळ पूर्णपणे अनुवंशावर ठरते. चालण्यानं, वजन कमी केल्यानं तिच्यात फारसा फरक पडत नाही. जगात साधारण पाचांतल्या एकाची पातळी जास्त असते आणि त्याला स्वतःला काहीच जाणवत नाही. नेहमीच्या कोलेस्टेरॉलच्या तपासणीत ही दिसत नाही. ५० मिलिग्रॅमच्या वर (काही लॅब वेगळ्या एककात देतात, तिथे १२५ नॅनोमोलच्या वर) जोखीम वाढलेली धरतात. 'सगळं नॉर्मल असून कमी वयात झटका' असं ऐकलं की मी पहिल्यांदा हीच तपासणी सुचवतो. आयुष्यात बहुतेकांना एकदाच पुरते. दादाची करा, तुमचीही करा.

आता गोळ्यांबद्दल विचारलंत ते. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मीही ठळक आकडा दिसला की तो खाली आणायच्या मागे लागायचो. आकडा खाली आला की रुग्ण आनंदी, मीही आनंदी. पुढे मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष येत गेले आणि मला एक प्रश्न विचारायची सवय लागली : हा आकडा आजार घडवतो, की आजाराच्या सोबतीनं फक्त हजर असतो?

होमोसिस्टीन, म्हणजे रक्तातलं एक अमिनो आम्ल, हे याचं ठसठशीत उदाहरण. ज्यांचं होमोसिस्टीन जास्त त्यांना हृदयविकार जास्त, हे अनेक अभ्यासांत दिसलं होतं. फॉलिक ॲसिड आणि बी जीवनसत्त्वांनी ते सहज कमी होतं. २००६ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल लागले. होमोसिस्टीन ठरल्याप्रमाणे खाली आलं, झटके मात्र कमी झाले नाहीत. युरिक ॲसिडची गोष्ट तशीच. हृदयविकार असलेल्या ६० वर्षांपुढच्या साडेपाच हजारांहून अधिक लोकांना ते कमी करणारं ॲलोप्युरिनॉल देऊन बघितलं, २०२२ मध्ये निकाल आला, काही फरक नाही. म्हणून हृदयासाठी या दोन्ही गोळ्या सुरू करू नका. युरिक ॲसिडमुळे सांधे सुजत असतील किंवा मूतखडा होत असेल, तर तो वेगळा विषय.

होमोसिस्टीनबाबत एक पुस्ती जोडतो. १८ हा आकडा कधी कधी बी-१२ च्या कमतरतेची चाहूल असते, कधी थायरॉइड किंवा मूत्रपिंडाच्या तक्रारीची. बी-१२ तपासा. कमी असेल तर भरून काढा, कारण ती कमतरता नसांना इजा करते. तो उपचार हृदयाचा नाही, एवढंच डोक्यात स्पष्ट असू द्या.

एचडीएलचाही भ्रम असाच फुटला. ते 'चांगलं कोलेस्टेरॉल', म्हणून वाढवलं की भलं होईल असं सगळ्यांना वाटायचं. टॉरसेट्रॅपिब नावाच्या औषधानं ते खूप वाढलं, आणि २००६ मध्ये चाचणी थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांत मृत्यू जास्त होऊ लागले. पुढे २०१२ मध्ये जनुकीय अभ्यासानंही दाखवलं, की जन्मतः एचडीएल जास्त ठेवणारा एक जनुकीय बदल असलेल्यांना झटके काही कमी येत नाहीत. म्हणजे तुमचा ४१ हा काय चाललंय ते दाखवणारा आरसा आहे. आरसा पुसून चेहरा बदलत नाही. इन्शुलिनची बाजू सुधारली की एचडीएलही बहुधा वर सरकेल, आणि नाही सरकलं तरी त्याच्यामागे लागायचं नाही.

एलडीएल आणि अ‍ॅपो-बीचं तसं नाही. तिथे जनुकं, औषधं आणि दीर्घकाळचे अभ्यास एकच गोष्ट सांगतात. स्टॅटिन या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळ्यांच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा एलडीएल सुमारे ३९ मिलिग्रॅमनं कमी केलं की झटका, पक्षाघात यांसारख्या मोठ्या घटना साधारण पाचव्या हिश्शानं कमी होतात असं दिसलं. कारण आणि सोबती यांतला हा फरक.

एचएस-सीआरपी मधोमध बसतं. ते शरीरातल्या दाहाचं, म्हणजे आतल्या सुजेचं मोजमाप. सीआरपी स्वतः रक्तवाहिनी बिघडवत नाही, पण त्यामागचा दाह बिघडवतो. २०१७ मध्ये कॅनाकिनुमॅब या औषधानं कोलेस्टेरॉलला हात न लावता फक्त दाह कमी केला, तर एका मात्रेवर झटके वगैरे १५ टक्क्यांनी कमी झाले. (ते औषध हृदयासाठी वापरात आलं नाही, आणि त्यानं जीवघेण्या संसर्गांचं प्रमाणही वाढलं.) सीआरपी ३ च्या वर जास्त मानतात. पण सर्दी-खोकल्याच्या आठवड्यात घेतलेल्या ४.६ ला मी काडीचीही किंमत देणार नाही. पूर्ण बरं वाटल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा करा. ट्रायग्लिसराइडही आजारपणात वर-खाली होतं, तेही त्याच वेळी पुन्हा बघा. एरवीही ते दिवसागणिक बरंच हलतं.

तुम्ही एक आकडा मागितलात. एकच द्यायचा झाला तर प्रामाणिकपणे देता येणार नाही. पण २०२४ मध्ये आलेला एक अभ्यास तुमच्या प्रश्नाच्या फार जवळ जातो. अमेरिकेतल्या २७,९३९ निरोगी स्त्रियांचं रक्त एकदाच घेतलं होतं आणि त्यानंतर ३० वर्षं त्यांचं काय होतंय ते पाहिलं. एलडीएल, एचएस-सीआरपी आणि लायपोप्रोटीन (ए), या तिन्हींनी आपापलं वेगळं काही सांगितलं, आणि तिन्ही एकत्र घेतल्यावर जोखमीचा अंदाज सर्वांत चांगला आला. एका सकाळचं रक्त तीस वर्षांपुढचं थोडंफार बोलतं, हे वाचून मी थक्क झालो होतो.

याच्याही पुढचं संशोधन चालू आहे. ब्रिटनच्या यूके बायोबँक या आरोग्य-नोंदींच्या मोठ्या साठ्यात रक्ताच्या एका नमुन्यातून १६८ चयापचयी घटक मोजून हृदयविकारासकट अनेक आजारांचा अंदाज बांधण्याचं काम २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं. मला त्यात खूप आशा दिसते. पण कुणी आज तसं पॅकेज देऊ केलं तर घेऊ नका. ८४ आकड्यांनी तुमची झोप उडवली, १६८ काय करतील!

शुगरकडे वळतो. एचबीए१सी म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी. ५.७ ते ६.४ ही मधुमेहापूर्वीची अवस्था. तुमच्या वयात पाळी जास्त जात असेल आणि लोह कमी असेल, तर हा आकडा खोटाच थोडा वर दिसू शकतो. म्हणून हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) बघून घ्या. पण उपाशीपोटी १०७ त्याला दुजोरा देतेय, त्यामुळे मी ५.९ खराच धरतो. आणि बाळंतपणातली शुगर 'आपोआप गेली' असं तुम्ही लिहिलंत. ती त्या वेळी मागे हटली, इतकंच. गरोदरपणात मधुमेह झालेल्या स्त्रियांना पुढे मधुमेह होण्याची शक्यता इतरांपेक्षा कित्येक पट असते, आणि हृदयविकाराचीही वाढलेली असते. हे तुमच्या डॉक्टरांना सांगितलंय का? बहुतेक जणी सांगत नाहीत, कारण कुणी विचारत नाही.

इथेच सगळ्यात जास्त हातात आहे. २००२ मध्ये अमेरिकेतल्या मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या चाचणीत, तुमच्यासारख्या काठावरच्या लोकांना वजन ७ टक्क्यांनी कमी करणं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम एवढंच ध्येय दिलं होतं. सरासरी तीनेक वर्षांत मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीनं ३१ टक्क्यांनी. वजन ७० किलो असेल तर ७ टक्के म्हणजे पाच किलोही नाही. आणि मघाशी सांगितलेली सगळी साखळी, म्हणजे ट्रायग्लिसराइड, एचडीएल, बीपी, शुगर, एकाच टोकानं ओढली जाते.

डॉक्टरांकडे जाताना काय मागायचं ते सांगतो. आधी आठवडाभर घरी सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटं शांत बसून बीपी मोजा आणि लिहून न्या. रक्तात नेहमीचं लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्टेरॉलची तपासणी पुन्हा, सोबत अ‍ॅपो-बी, लायपोप्रोटीन (ए) आणि एचएस-सीआरपी. थायरॉइडचं टीएसएच, कारण थायरॉइड मंदावलं की एलडीएल चढतं. मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, आणि लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन. हे शेवटचं फार दुर्लक्षित आहे, पण मूत्रपिंडातल्या बारीक रक्तवाहिन्या गळू लागल्याची खबर ते लवकर देतं. बाकीच्या सत्तरएक तपासण्या पुन्हा करायची गरज नाही.

मग डॉक्टर हे आकडे जोखमीच्या गणितात घालतील. अमेरिकेचं प्रिव्हेंट २०२३ मध्ये आलं, युरोपचं स्कोअर-२ हे २०२१ मध्ये. उत्तर टक्क्यांत येतं. ५ टक्के आले तर अर्थ असा, की तुमच्यासारख्या १०० जणींपैकी साधारण पाच जणींना पुढच्या दहा वर्षांत त्रास होईल. त्या पाचांत तुम्ही आहात की पंचाण्णवांत, हे कुठलंही रक्त सांगू शकत नाही. आणि या दोन्ही गणितांत दादाचा झटका मोजलाच जात नाही. पुरुष नातेवाइकाला ५५ च्या आत झटका, गरोदरपणातला मधुमेह, मेटाबॉलिक सिंड्रोम, हे डॉक्टरांना स्वतः वरून धरावं लागतं. तुम्ही मुद्दाम आठवण करून द्या. एवढं करूनही औषध द्यावं की नाही याचा निर्णय होत नसेल, तर हृदयाच्या रक्तवाहिन्यांतलं कॅल्शियम मोजणारा सीटी स्कॅन करता येतो. रक्त जोखीम सांगतं, हा स्कॅन थर प्रत्यक्ष चढलाय का ते दाखवतो. डॉक्टरांनी स्टॅटिन सुचवलं तर घाबरू नका. त्यानं शुगर किंचित वाढू शकते हे खरं, पण तुमच्यासारख्या स्थितीत फायदा बहुधा जास्त ठरतो. पण ते ठरवायचं नव्या आकड्यांनंतर, समोरासमोर बसून.

या सगळ्यात एक अपवाद. चालताना, जिना चढताना छातीत दडपण, जबड्यात किंवा हातात कळ, अकारण धाप, घाम, असं काही झालं तर रिपोर्ट शोधत बसू नका, लगेच रुग्णालय गाठा. स्त्रियांमध्ये हे दुखणं कधी कधी नुसता थकवा आणि मळमळ होऊन येतं. अशा वेळी 'माझं कोलेस्टेरॉल ठीक होतं' हे वाक्य मनात आणू नका. दादाच्या बाबतीत काय झालं ते तुम्हाला माहीत आहे.

राहिली लेक. तिच्या ८४ तपासण्या करू नका. एकदा साधं लिपिड प्रोफाइल करा. तिचं एलडीएल १९० च्या वर निघालं तर तो जन्मजात प्रकार असू शकतो आणि लगेच दाखवायला हवं. एकदा बीपी मोजा. तुमचं लायपोप्रोटीन (ए) जास्त आलं तर तिचंही तपासा, कारण ते तिच्याकडे येण्याची शक्यता निम्मी-निम्मी आहे. तुमचं कमी आलं तर त्याबद्दल तिला काही सांगायलाही जाऊ नका, संध्याकाळी फिरायला तेवढं सोबत घेऊन जा.